गॅस फर्नेसच्या खोलीला हवेचे झरोके किती मोठे हवेत?

फर्नेसच्या, म्हणजे गॅस जाळून घर तापवणाऱ्या यंत्राच्या, खोलीच्या दाराला जाळी दिसली की नवखा मेकॅनिक पुढच्या कामाला लागतो. हवा येतेय ना, मग झालं. खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात. ती जाळी ज्या जागेत उघडते त्या जागेत पुरेशी हवा आहे का? आणि जाळीच्या पट्ट्या वजा केल्या तर मोकळं भोक उरतं किती?

इथे दिलेली पद्धत अमेरिकेतल्या नॅशनल फ्युएल गॅस कोडची, म्हणजे एनएफपीए ५४ ची आहे. इंटरनॅशनल फ्युएल गॅस कोडमध्येही हेच आकडे आहेत. तुमच्या भागात कोणती आवृत्ती लागू आहे हे परमिट देणाऱ्या ऑफिसात आधी विचारून घ्या. यंत्राच्या मॅन्युअलमध्ये याहून जास्त हवा मागितली असेल तर मॅन्युअल पाळायचं. गणित अगदी सोपं आहे. चुका होतात त्या हवा कुठून घ्यायची हे न ठरवताच भागाकाराला बसल्यामुळे. म्हणून आधी हवेची जागा ठरवायची आणि मग आकडा काढायचा. हा क्रम मोडू नका.

एवढी हवा लागते कशाला

एक घनफूट नैसर्गिक वायू जळला की साधारण १,००० बीटीयू (उष्णतेचं माप) उष्णता मिळते, आणि तो पूर्ण जळायला जवळपास १० घनफूट हवा लागते. प्रोपेनच्या एका घनफुटाला सुमारे २४ घनफूट हवा लागते, पण त्यातून उष्णताही अडीच पट मिळते. म्हणजे हिशोब पुन्हा १,००० बीटीयूमागे दहाच्या आसपासच येतो. म्हणूनच कोडमधले सगळे नियम गॅसच्या जातीवर नाहीत, बीटीयूवर आहेत.

ही झाली फक्त जळण्यापुरती हवा. ज्योत नीट जळावी म्हणून बर्नरला थोडी जादा हवा द्यावी लागते. ज्या यंत्राला ड्राफ्ट हुड असतो, म्हणजे धूर जिथे व्हेंटच्या नळीत शिरतो तिथे उघडी टोपी असते, ते त्या टोपीतूनही खोलीतली हवा ओढून चिमणीत पाठवतं. शिवाय खोली तापू नये म्हणून हवा खेळती राहावी लागते.

आता एक खोली घेऊ आणि शेवटपर्यंत तीच वापरू. लांबी १० फूट, रुंदी ८ फूट, उंची ८ फूट. आत ८०,००० बीटीयूची फर्नेस आणि ४०,००० बीटीयूचा वॉटर हीटर. दोन्ही एकत्र चालले तर तासाला १,२०,००० बीटीयू, म्हणजे सुमारे १२० घनफूट गॅस. त्याला फक्त जळायला तासाला १,२०० घनफूट हवा हवी, आणि खोलीत एकूण हवा आहे ६४० घनफूट. खोली बंद असेल तर साठा जेमतेम अर्ध्या तासाचा. त्याच्या कितीतरी आधीच ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यातच खोलीत दाब कमी झाला की चिमणीतून वर जाणारा धूर उलटा फिरून खोलीत उतरतो. झरोका लहान ठेवला तर घरातल्या माणसांच्या जिवाशी गाठ आहे.

नेमप्लेट वाचा

यंत्रावरच्या पट्टीवर इनपुट आणि आउटपुट असे दोन आकडे असतात. आपल्याला इनपुट हवं, म्हणजे यंत्र जाळतं त्या गॅसची उष्णता. नवखे हमखास आउटपुट घेतात, कारण विक्रीच्या बोलण्यात तोच आकडा असतो. पट्टीवर किलोवॉट लिहिले असतील तर ३,४१२ ने गुणा, बीटीयू मिळतील.

त्या जागेतून हवा घेणाऱ्या सगळ्या यंत्रांच्या इनपुटची बेरीज करा. एक यंत्र त्यातून वगळायचं: ज्याच्या ज्वलनाची हवा बाहेरून स्वतःच्या बंद नळीने थेट बर्नरपर्यंत येते ते. हे ओळखताना घाई नको. काही नव्या फर्नेसना हवेच्या नळीसाठी तोंड दिलेलं असतं, पण बसवणाऱ्याने नळी जोडलेलीच नसते. अशी फर्नेस खोलीतलीच हवा खाते, तेव्हा ती बेरजेत धरावी लागते. वाकून, नळी हाताने चाचपून, ती बाहेर कुठे निघते ते पाहून मगच ठरवा.

घरातलीच हवा पुरते का ते पाहा

साधा नियम असा: दर १,००० बीटीयूमागे ५० घनफूट जागा. आपल्या १,२०,००० ला ६,००० घनफूट लागतात. खोली ६४० घनफुटांची, म्हणजे एकटीने काही होत नाही.

शेजारी ३० बाय २४ फुटांचं, ८ फूट उंचीचं मोकळं तळघर आहे असं धरा. ते झालं ५,७६० घनफूट. खोली धरून ६,४००. हे पुरतं. जिथे दोन खोल्यांमध्ये नुसती मोकळी कमान आहे, दार नाही, तिथे दोन्ही मिळून एकच जागा धरता येते. दार आहे तिथे कायमचे झरोके ठेवल्याशिवाय पलीकडची जागा मोजायची नाही. दार उघडंच असतं असं घरमालक सांगेल, पण तो हिशोबात घ्यायचा मुद्दा नाही. झोपायची खोली किंवा बाथरूम हवेसाठी मोजू नका. कोडमध्ये तिथे बंधनं आहेत आणि ती योग्यच आहेत.

आता घट्ट घराचा मुद्दा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण जुन्या सवयीने काम करणारे अनुभवी लोकही इथे चुकतात. ५० घनफुटांचा नियम फटीतून बऱ्यापैकी हवा येते अशा घरासाठी आहे. घरातली हवा तासाला ०.४० वेळांपेक्षा कमी बदलते असं माहीत असेल तर हा नियम वापरायचाच नाही. तेव्हा दुसरं सूत्र लागतं. साध्या ड्राफ्टच्या, म्हणजे पंख्याशिवाय धूर वर जाणाऱ्या, यंत्रासाठी २१ ला हवा बदलण्याच्या दराने भागायचं आणि इनपुटच्या हजारांनी गुणायचं. ज्या यंत्रात धूर ढकलायला किंवा ओढायला आतच पंखा असतो त्यासाठी २१ च्या जागी १५.

आपल्या उदाहरणात दर ०.२५ निघाला आणि फर्नेस पंख्याची आहे असं समजा. फर्नेसला १५ भागिले ०.२५ गुणिले ८०, म्हणजे ४,८०० घनफूट. वॉटर हीटरला २१ भागिले ०.२५ गुणिले ४०, म्हणजे ३,३६०. एकूण ८,१६०. साध्या नियमाने पुरणारी ६,४०० घनफूट जागा इथे अपुरी पडली! खिडक्या बदललेल्या, भिंतीत नवं इन्सुलेशन भरलेलं घर दिसलं की हे गणित केल्याशिवाय पुढे जाऊ नका. सूत्रात ०.६० पेक्षा मोठा दर घालायला मनाई आहे, घर कितीही फटींचं असलं तरी.

आणखी एक धोका. घरातल्या फटींची गळती मोजणाऱ्या ब्लोअर डोअर चाचणीच्या अहवालात सहसा ५० पास्कल दाबावरचा आकडा ठळक छापलेला असतो. तो पंख्याने मुद्दाम दाब निर्माण करून मोजलेला असतो, त्यामुळे रोजच्या, नैसर्गिक दरापेक्षा खूप मोठा असतो. सूत्रात नैसर्गिक दर लागतो. ५० पास्कलचा आकडा तसाच टाकलात तर घर भरपूर हवेशीर असल्याचं कागदावर दिसेल आणि ते साफ खोटं असेल.

आतल्या आत झरोके

शेजारची जागा पुरते आहे असं ठरलं, तर एकाच मजल्यावरच्या दोन जागा जोडायला दोन झरोके लागतात. एक छतापासून १२ इंचांच्या आत सुरू होणारा, दुसरा जमिनीपासून १२ इंचांच्या आत. प्रत्येकाचं मोकळं क्षेत्रफळ दर १,००० बीटीयूमागे १ चौरस इंच, पण कुठल्याही परिस्थितीत १०० चौरस इंचांपेक्षा कमी नाही. कुठलीही बाजू ३ इंचांपेक्षा अरुंद नको. आपल्याकडे प्रत्येकी १२० चौरस इंच येतात. ६०,००० बीटीयूचं एकच यंत्र असतं तरी ६० नाही, १०० च ठेवावे लागले असते.

वर आणि खाली असे दोन का, तर गरम हवा वरून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला थंड हवा खालून येते. दोन्ही झरोके मधोमध एकाच उंचीवर काढले तर बेरीज जुळते, हवा फिरत नाही.

दोन जागा वेगवेगळ्या मजल्यांवर असतील तर दारात किंवा मजल्यात एक वा अधिक झरोके ठेवून एकूण क्षेत्रफळ दर १,००० बीटीयूमागे २ चौरस इंच धरायचं.

बाहेरून हवा घेणार असाल तर

माझं मत विचाराल तर जमेल तिथे बाहेरचीच हवा घ्यावी. घरात पुढे कोण काय बदलेल याची खात्री नसते. आज मोकळं असलेलं तळघर उद्या भिंती घालून दोन खोल्यांचं होतं आणि आपला ६,४०० चा हिशोब बाद होतो. बाहेरची हवा कोणी भिंत घालून तोडू शकत नाही.

दोन झरोक्यांची पद्धत अशी. एक छताजवळ, एक जमिनीजवळ, दोन्ही वरच्याच १२ इंचांच्या नियमाने. थेट बाहेर उघडत असतील किंवा उभ्या डक्टने (हवेच्या नळीने) जोडलेले असतील तर प्रत्येकाला दर ४,००० बीटीयूमागे १ चौरस इंच. आडव्या डक्टमधून हवा सहज फिरत नाही, म्हणून तिथे दर २,००० मागे १. आपल्या खोलीला थेट असतील तर प्रत्येकी ३० आणि आडव्या डक्टने प्रत्येकी ६० चौरस इंच. पोटमाळ्याला किंवा घराखालच्या पोकळीला बाहेरची खुली हवा मिळत असेल तर तीही जागा बाहेरची धरता येते.

एका झरोक्याची पद्धतही आहे. तो छतापासून १२ इंचांच्या आत सुरू व्हायला हवा, आणि यंत्राच्या बाजूंना व मागे किमान १ इंच, पुढे ६ इंच मोकळी जागा हवी. आकार दर ३,००० बीटीयूमागे १ चौरस इंच, म्हणजे आपल्याला ४०. याला एक दुसरी अट आहे आणि तीच विसरली जाते. खोलीतल्या सगळ्या व्हेंट कनेक्टरच्या, म्हणजे यंत्रापासून चिमणीपर्यंतच्या नळ्यांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेपेक्षा झरोका लहान चालत नाही. फर्नेसची नळी ५ इंची (१९.६ चौरस इंच) आणि हीटरची ४ इंची (१२.६) असेल तर बेरीज ३२.२, मग ४० चालतात. पण फर्नेसची नळी ६ इंची असेल तर २८.३ अधिक १२.६, म्हणजे ४०.९. आता ४० चा झरोका नापास. ४१ करावा लागतो. टेप काढून नळ्यांचा व्यास मोजायला दोन मिनिटं लागतात, ती द्या.

गोल डक्ट टाकायचा असेल तर ७ इंची डक्ट ३८.५ चौरस इंचांचा असतो, म्हणजे जरासा कमी. ८ इंची घ्या, ५०.३ मिळतात. "जवळपास आहे" म्हणून ७ इंची बसवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

थोडी आतली, थोडी बाहेरची

आतली जागा अर्धवट पुरत असेल तर उरलेली गरज बाहेरून भागवता येते. समजा खोली आणि तळघर मिळून ४,००० घनफूटच आहेत आणि लागतात ६,०००. गरजेचे दोन तृतीयांश आत आहेत, एक तृतीयांश बाहेरून हवा. मग एका झरोक्याचे पूर्ण ४० चौरस इंच गुणिले एक तृतीयांश, म्हणजे १३.३. ३ इंचांची किमान बाजू सांभाळून ३ बाय ५ चं मोकळं भोक पुरतं. खोली आणि तळघर यांच्यामधले प्रत्येकी १२० चे दोन झरोके मात्र पूर्ण आकाराचेच राहतात. ते कमी करायचे नाहीत.

पंख्याने हवा आणायची तर

दर १,००० बीटीयूमागे मिनिटाला ०.३५ घनफूट बाहेरची हवा. आपल्याला मिनिटाला ४२ घनफूट (सीएफएम). त्याच जागेतून हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा असेल तर त्याची भरपाई वेगळी द्यायची. आणि पंखा बंद पडला तर बर्नर पेटताच कामा नये, अशी इंटरलॉकची वायरिंग हवीच. या बाबतीत तडजोड नाही.

जाळीच्या पट्ट्यांचा हिशोब

वर काढलेले सगळे आकडे मोकळ्या भोकाचे आहेत. लूव्हरच्या, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या जाळीच्या, पट्ट्या त्यातली जागा खातात. कंपनीने मोकळं क्षेत्रफळ दिलं असेल तर तेच धरा. दिलं नसेल तर धातूच्या लूव्हरमध्ये ७५ टक्के आणि लाकडी लूव्हरमध्ये फक्त २५ टक्के जागा मोकळी समजायची.

तळघराच्या भिंतीतल्या १२० चौरस इंचांच्या झरोक्याला धातूचा लूव्हर लावायचा तर १२० भागिले ०.७५, म्हणजे १६०. १० बाय १६ इंचांचा लूव्हर बसतो. लाकडी असेल तर १२० भागिले ०.२५, म्हणजे ४८०. त्याला २० बाय २४ इंचांचं भोक पाडावं लागेल, आणि तशी दोन! दाराला लाकडी पट्ट्या शोभून दिसतात म्हणून मालक आग्रह धरतो. त्याला हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवा, बहुतेक वेळा पटतं.

बारीक जाळी लावायची असेल तर तिची छिद्रं पाव इंचापेक्षा लहान नकोत. मच्छरदाणीची जाळी लावली की ती धूळ आणि कापसाने काही महिन्यांत गच्च बसते. हाताने उघडझाप करता येणारे लूव्हर उघड्या स्थितीत पक्के करा. मोटरचे असतील तर ते पूर्ण उघडल्याशिवाय बर्नर सुरू होऊ नये अशी जोडणी करा.

डक्ट

डक्ट गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा घ्या, आणि तो वाटेत कुठेही हिशोबाच्या मोकळ्या क्षेत्रफळापेक्षा अरुंद होऊ देऊ नका. वरच्या झरोक्याचा आणि खालच्या झरोक्याचा डक्ट वेगवेगळा हवा, एकात दोन भागवता येत नाहीत. वरचा आडवा डक्ट बाहेरच्या दिशेने खाली उतरता नको, नाहीतर गरम हवा त्यात अडकते. पोटमाळ्यात संपणाऱ्या डक्टच्या तोंडाला जाळी लावायची नाही, आणि तोंड इन्सुलेशनच्या थराच्या वर राहील असं उचलून घ्या. बाहेरच्या भिंतीतलं तोंड जमिनीपासून किमान १२ इंच वर ठेवा. बर्फ जास्त साचतो तिथे त्याहूनही वर.

थंडीत कोणी झरोका बुजवेल

थंड प्रदेशात हे घडतंच. खालच्या झरोक्यातून गार वारा आत येतो, शेजारच्या पाण्याच्या नळ्या गोठायला लागतात आणि घरातलं कोणीतरी चिंध्या किंवा पुठ्ठा कोंबून झरोका बंद करतं. त्या माणसाला वाटतं की आपण घर वाचवलं. म्हणून आराखडा करतानाच नळ्या झरोक्याच्या वाऱ्यापासून लांब घ्या. ते जमत नसेल तर इंटरलॉक असलेला मोटरचा लूव्हर किंवा बाहेरून बंद नळीने हवा घेणारं यंत्र सुचवा. झरोक्याशेजारी "हा बंद करू नका" अशी ठळक पट्टी लावा आणि कारणही त्यातच लिहा. कारण कळलं तर माणूस ऐकतो.

पेटवून तपासा

ड्राफ्ट हुडची यंत्रं असतील तर नुसत्या हिशोबावर सोडून जाऊ नका. घराची सगळी दारं-खिडक्या बंद करा, यंत्राच्या खोलीचं दारही. फायरप्लेसचं डॅम्पर (धुराड्याची झडप) बंद करा. मग बाथरूमचे आणि स्वयंपाकघराचे एक्झॉस्ट पंखे पूर्ण वेगाने लावा, कपडे वाळवायचं मशीन चालू करा. घरातून हवा जितकी खेचली जाऊ शकते तितकी खेचली गेली पाहिजे. आता यंत्र पेटवा आणि मुख्य बर्नर पाच मिनिटं चालू द्या. मग ड्राफ्ट हुडच्या कडेशी काडी किंवा उदबत्तीचा धूर धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला किंवा जागीच घुटमळला तर चिमणीतला धूर खोलीत सांडतोय. यंत्र लगेच बंद करा, खिडक्या उघडा, आणि कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत परत पेटवू नका. कारण नेहमी झरोकाच असेल असं नाही. चिमणी तुंबलेली असू शकते, किंवा एक्झॉस्ट पंखा झरोक्यांच्या आवाक्याबाहेर हवा ओढत असेल.

तपासणी झाली की एकूण इनपुट, हवेची जागा, झरोक्यांचं मोकळं क्षेत्रफळ आणि तारीख हे सगळं एका लेबलवर लिहून फर्नेसच्या बाजूला चिकटवा. पुढे कोणी मोठा वॉटर हीटर बसवेल, खिडक्या बदलेल किंवा तळघरात भिंत घालेल. त्या मेकॅनिकला ते लेबल वाचून हिशोब पहिल्यापासून करता येईल.